पाठीवरचा संसार

गेल्या महिन्यांत सांगलीहून एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस आलें. त्यांच्या कन्येनें उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेंतील शिक्षणक्रम पुरा केला असून, येत्या सप्टेंबरांत ती चार मैत्रिणींसह मनालीजवळील देव टिब्बा या ६००१ मीटर उंचीच्या शिखरावर जावयाची आहे. मुलगी जाते याबद्दल बाईंची तक्रार नाहीं. उलट पत्रांतून अभिमानच डोकावतो. तक्रार आहे ती पिशवीविषयीं. गेले पंधरा दिवस घरांत सॅक हा एकच विषय चालला आहे, असें त्या लिहितात. कन्येनें पसंत केलेली सॅक वजनानें अवघी सातशें ग्रॅम, संपूर्ण वॉटरप्रूफ म्हणून वाखाणलेली आणि परदेशांतून मागवावयाची. किंमत तीस हजारांच्या घरांत. वडिलांचें म्हणणें असें कीं, घरांत ऐंशी लिटर मापाची धडधाकट सॅक असतां दुसरी हवी कशाला? बाईंनीं या वादांत आम्हांस पंच नेमलें आहे.

पंचाचें काम दोन्ही पक्षांस थोडेंफार दुखविल्यावांचून होत नाहीं. वडीलधाऱ्यांचा मान राखून आधीं वडिलांकडे वळतों.

त्यांची ऐंशी लिटरची सॅक रिकामीच अडीच किलो भरत असेल. सपाट पायवाटेनें चालावयाचें तर ती वाईट नाहीं. पण चालणें निराळें आणि चढणें निराळें. पूर्वीच्या मोठ्या हिमालयीन मोहिमांत शेंकडों हमाल सामान वर नेत, छावणीमागून छावणी उभी राही, आणि आरोहक त्या मानानें हलक्या पाठीनें चढत. आल्प्स पर्वतांत मात्र दोघे-तिघे आपलें सारें बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघत व अंधार पडेल तेथें कड्याच्या आडोशाला रात्र काढीत. १९७५ सालीं राइनहोल्ड मेसनर व पेटर हाबेलर या दोघांनींच काराकोरममधील ८०८० मीटर उंचीचें हिडन पीक याच रीतीनें सर केलें, आणि अत्युच्च शिखरांवरही हें साधतें असें जगास दिसून आलें. देव टिब्ब्यास तळछावणीपर्यंत हमालांची मदत होईल. पण त्यापुढील तीन-चार दिवस या पांच मुलींस तंबू, चूल, दोर, अन्न हें सर्व आपल्याच खांद्यावर न्यावयाचें आहे. तेथें रिकाम्या पिशवीचें दीड किलो अधिक वजन म्हणजे एका मुलीचा जवळजवळ दोन दिवसांचा कोरडा शिधा होय.

दुसरी गोष्ट अशी कीं, मोठी पिशवी कधीं रिकामी राहत नाहीं. काशीयात्रेची ट्रंक ज्यांनीं भरली आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. ऐंशी लिटरच्या सॅकेंत दुसरा स्वेटर जातो, तिसरा जातो, मग जागा उरली म्हणून फराळाचा डबा जातो. शिवाय उंच सॅकचें डोकें चढणाऱ्याच्या डोक्याच्या वर येतें. कडा पाहण्यासाठीं मान वर केली कीं शिरस्त्राण मागें त्यावर आपटतें आणि पुढची पकड दिसत नाहीं. कमरेचा जाड पट्टा दोर बांधावयाच्या हार्नेसवर चढून बसतो तो त्रास निराळाच. तेव्हां या चढाईस चाळीस, फार तर पंचेचाळीस लिटरची सॅक पुरे. वडिलांनीं खट्टू होण्याचें कारण नाहीं. त्यांची सॅक सर्व सामानानिशीं तळछावणीपर्यंत जाऊं द्यावी. तेथें तिची फार गरज असते.

सॅक सर्वांत शेवटीं विकत घ्यावी, असें आमचें मत आहे. आधीं माजघरांत एक चादर पसरावी, न्यावयाची प्रत्येक वस्तु तीवर मांडावी, आणि स्वयंपाकघरांतील कांटा आणून एकेक तोलावी. वजनें कागदावर उतरलीं म्हणजे कोणास कांहीं सांगावें लागत नाहीं. मुली आपणहून निम्मे जिन्नस उचलून परत कपाटांत ठेवतात. जें उरेल तें एका साध्या पोत्यांत भरून पाहावें, व तें मावेल एवढी सॅक घ्यावी.

आतां कन्येचा पक्ष. हलकी सॅक हवी हें तिचें म्हणणें खरें आहे. पण वॉटरप्रूफ या शब्दावर तिनें जो विश्वास टाकला आहे, तो आम्हांस चिंतेचा वाटतो. याचें कारण अनुभवाचें आहे.

कॉलेजांत असतांना आम्ही कुमाऊंतील पिंडारी हिमनदीस गेलों होतों. द्वाली सोडून फुरकियाकडे जातांना पावसानें गांठलें. सॅकवर दुकानदारानें मोठ्या खात्रीनें दिलेलें जलाभेद्य आच्छादन होतें. वाऱ्यानें तें एका बाजूनें सुटलें, मग तळाशीं झोळीसारखें लोंबूं लागलें, त्यांत पाणी सांचलें, आणि पुढचे दोन तास आमची सॅक त्या पाण्यांत बसून राहिली. मुक्कामास पोंचल्यावर पिसांची स्लीपिंग बॅग बाहेर काढली तों पिळावयाच्या लुगड्यासारखी जड. पिसांची ऊब त्यांच्यामध्यें कोंडलेल्या हवेची असते. भिजून त्यांचे गोळे झाले कीं ती हवा जाते व ऊबही जाते. ती रात्र आम्हीं एका सोबत्याच्या घोंगडींत अर्धें अंग घालून बसून काढली. फुरकियास निदान वर छप्पर होतें. पांच हजार मीटर उंचीवरच्या तंबूंत हाच प्रसंग येता तर घोंगडीनें भागलें नसतें.

कापड जलाभेद्य असणें आणि सॅक जलाभेद्य असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजच्या बहुतेक सॅक नायलॉनच्या असून आंतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो. त्या कापडांतून पाणी सहसा शिरत नाहीं. तें शिरतें शिवणींतून. जेथें सुई गेली तेथें भोंक पडलें, आणि एका सॅकेंत अशीं भोंकें हजारों असतात. आमच्या शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींस हें चटकन् उमजेल. कांहीं कारखानदार शिवणींवर आंतून पट्टी चिकटवितात. ती असेल तर चांगलेंच. झिप हें पाण्याचें दुसरें दार. तोंड गुंडाळून बंद करावयाची सॅक या बाबतींत बरी. आणि इतकें सारें साधलें तरी गिर्यारोहकाचें सामान आंतूनही भिजतें. बर्फानें माखलेला दोर आंत गेला, तंबूवरचें दंव घडीसरशीं आंत गेलें, पाण्याची बाटली पाझरली, कीं तेंच जलाभेद्य कापड तें पाणी बाहेरही जाऊं देत नाहीं.

म्हणून सॅक कोणतीही असो, तिच्या आंत एक अखंड पिशवी असावी आणि स्लीपिंग बॅग, कोरडे मोजे व रात्रीचा स्वेटर एवढें तरी त्या पिशवींत, तोंड दोनदां पिळून, ठेवावें. अशा तयार पिशव्या मिळतात. जाड प्लॅस्टिकची मोठी कचऱ्याची पिशवीही, कोरी असेल तर, हें काम उत्तम करते. किंमत नगण्य, वजन नगण्य. तीस हजारांची सॅक घेऊन ही पिशवी न घेणारीपेक्षां आठ हजारांची सॅक घेऊन ही पिशवी घेणारी मुलगी रात्रीं उबेंत निजेल.

सातशें ग्रॅमची ती सॅक अतिलांब साखळीच्या पॉलिइथिलीन धाग्यांची आहे. ज्या धाग्यांचीं गोळी अडविणारीं चिलखतें करतात, तेच हे धागे. दोन पातळ पापुद्र्यांमध्यें ते बसवून केलेलें कापड आधीं शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठीं निघालें, आणि तें ओढीस फार बळकट व खरोखर पाणी न पिणारें असतें. पण ओढीस बळकट म्हणजे घासण्यासही बळकट असें नव्हे. खडबडीत खडकावर घासटून तो पापुद्रा विरतो. वर्षांतून एकदां डोंगरांत जाणाऱ्या मुलीस, नायलॉनची, २१० डेनियर धाग्याची व तळाशीं त्याहून जाड कापड लावलेली, एक ते सव्वा किलोची सॅक अधिक लाभेल असें आम्हांस वाटतें. डेनियर म्हणजे ९००० मीटर लांब धाग्याचें ग्रॅममध्यें वजन. आंकडा मोठा तितका धागा जाड.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट पाठीच्या मापाची, आणि तिचा विचार सर्वांत कमी होतो. मुलीस मान खालीं घालावयास सांगावी; मानेच्या पायथ्याशीं जो हाडाचा उंचवटा हातास लागतो, तेथपासून कमरेच्या दोन्ही हाडांचे माथे जोडणाऱ्या रेषेपर्यंत शिवणाच्या फितीनें माप घ्यावें. उंच मुलीची पाठ आंखूड व ठेंगण्या मुलीची लांब असूं शकते. दुकानांत याच मापाची सॅक मागावी, तींत दहा-बारा किलो वजन घालून निदान वीस मिनिटें जिना चढउतार करावा, आणि हात डोक्यावर नेतांना खांद्याचे पट्टे काखेंत रुततात कीं काय तें पाहावें. स्त्रियांसाठीं पट्ट्यांची घडण निराळी केलेल्या सॅक आतां मिळतात, त्या अवश्य घालून पाहाव्यात. परदेशांतून न पाहतां मागविण्यास आमची हरकत आहे ती मुख्यतः यासाठीं.

बाकीच्या बाबी थोडक्यांत. हिमकुऱ्हाडीस दोन फांस, वर दोर आवळावयास एक पट्टा, काढतां येणारा कमरपट्टा, एवढें असावें. बाहेरच्या जाळ्या व अनेक खिसे नसावेत. ते खडकांत अडकतात. पाठीशीं असलेला फोमचा तक्ता बाहेर निघणारा असावा, म्हणजे बर्फावर बसावयास आसन होतें. तोंडाचा गळा लांब असावा. वाटेंत अंधार पडून अडकल्यास आरोहक रिकाम्या सॅकेंत पाय घालून रात्र काढतात, तेव्हां तो गळा मांड्यांपर्यंत येतो.

हलकेपणाच्या हौसेलाही मर्यादा आहे. ३ जुलै १९५३ रोजीं हेर्मान बूल हा ऑस्ट्रियन आरोहक ८१२६ मीटर उंचीच्या नंगा पर्वतावर एकटाच प्रथम पोंचला. वेग साधावा म्हणून त्यानें वाटेंत आपली सॅक टाकली होती, आणि जाड स्वेटर त्या सॅकेंत राहिला. शिखरावर पोंचतां पोंचतां सायंकाळ झाली. उतरतांना ती रात्र त्यानें एका अरुंद टप्प्यावर उभ्यानें काढली. तो जिवंत परतला, पण पायाचीं बोटें हिमदंशानें गमावून. चादरीवरून जिन्नस उचलतांना स्वेटर व स्लीपिंग बॅग यांस हात लावूं नये.

बाईंनीं लाडवांविषयींही विचारलें आहे. बेसनाचा लाडू तेथील थंडींत तुपामुळें दगडासारखा होतो; सुपारीएवढे लहान वळून अंगालगतच्या खिशांत ठेवले तर चालतील.

परत आल्यावर सॅक कोमट पाण्यानें पुसून सावलींत वाळवावी, तोंड उघडें ठेवून टांगावी. माळ्यावर कोंडून ठेवली तर आपल्याकडील दमट हवेंत आंतील लेप दोन-चार पावसाळ्यांत चिकट होऊन सालीसारखा सुटतो.

आणि जाण्यापूर्वीं एक परीक्षा. जुलैंत पाऊस लागला म्हणजे कन्येनें सॅकेंत पूर्ण भार भरून, आंतील पिशवींत वर्तमानपत्राची एक घडी व पिशवीबाहेर दुसरी घडी ठेवून, एखादा गड चढून यावें. पुण्यास येणें झाल्यास सिंहगड आहेच. घरीं येऊन दोन्ही घड्या उघडाव्यात आणि बाहेरची घडी कोणत्या शिवणीपाशीं भिजली तें आम्हांस पत्रानें कळवावें.