हार नको, पाना आणा!

आमच्या घरच्या फियाटला ओळीने सोळा दसरे झेंडूचा हार पडला, आणि त्या सोळा वर्षांत तिचे बॉनेट एकदाही उघडले गेले नाही. माझी सारी तक्रार या एका वाक्यात आली. पण एका वाक्यावर दिवाळी अंकाचे संपादक समाधान मानीत नाहीत, आणि खरे सांगायचे तर माझा रागही एका वाक्यात मावत नाही; म्हणून हा पसारा.

गाडी १९६८ सालची, ‘फियाट ११०० डिलाइट’. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बांधलेली. त्या काळी मोटार विकत मिळत नसे, नंबर लावून तिची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आप्पांनी ती पाहिली. २००७ च्या उन्हाळ्यात आप्पा गेले, आणि सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी जी उभी राहिली ती राहिलीच. आम्ही तिला विसरलो असे मात्र कोणी म्हणू नये! दर खंडेनवमीला तिच्यावरची धूळ झटकली जाई, टपाला कुंकू लागे, चाकाखाली लिंबू ठेवले जाई, आणि आम्ही भावंडे हळव्या आवाजात म्हणत असू, “आप्पांची आठवण आहे हो!” त्या आठवणीच्या पोटात उंदीर संसार करीत होते, हे कळायला सोळा वर्षे लागली.

आता तुम्ही म्हणाल, हा तुमचा घरगुती आळस. त्यावर लोकांशी भांडण कशाला? पण हा आळस एका घरचा नाही. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपून शेवटची पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा केवढा गहिवर दाटला होता! पद्मिनी म्हणजे दुसरी कोण? नाव बदललेली आमची फियाटच. बॉनेटखाली तेच १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरी इंजिन. जो तो फोनवरून काळ्या-पिवळ्या मोटारीची छायाचित्रे धाडीत होता. त्या रडणाऱ्यांपैकी किती जणांच्या अंगणात, चाळीच्या बोळात, सोसायटीच्या कोपऱ्यात तीच गाडी चारी चाके बसून कुजत होती, याची शिरगणती कोणी केली नाही. छायाचित्राला तेल घालावे लागत नाही, हेच त्याचे सुख.

या भक्तांखालोखाल माझा राग आहे तो रंगारी मंडळींवर. एका मोठ्या शहरातल्या, जुन्या गाड्या ‘नव्यासारख्या’ करून देणाऱ्या गृहस्थांना मी गाडी दाखवली. त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “रंग असा देतो की तोंड पाहून घ्या. इंजिन मात्र काढून टाकू. नवे जपानी बसवू, किल्ली फिरवली की चालू.” मी विचारले, “मग ती फियाट राहील का?” ते म्हणाले, “बाहेरून कोणाला कळतंय?” वरातीत नवरदेव मिरवायला अशी गाडी उत्तम, यात शंका नाही. पण माणसाचे काळीज काढून त्या जागी दुसऱ्याचे बसवायचे आणि तोंडाला पावडर फासून ‘हे आमचे आप्पा’ म्हणून सांगायचे, हा कुठला न्याय? गंमत अशी की, सरकारी नियमाला हे कळते आणि आम्हांला कळत नाही. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांसाठी जो ‘व्हिंटेज’ नोंदणीचा नियम केला, त्यात गाडी पन्नास वर्षांहून जुनी तर हवीच, शिवाय तिच्या सांगाड्यात, अंगात वा इंजिनात भरीव फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. रंगाचा त्यात उल्लेखही नाही.

तिसरा वर्ग उतावळ्यांचा. या वर्गाबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो, कारण त्याचा मी सभासद होतो. २०२३ च्या दसऱ्याला मेहुणे आले. त्यांनी भर जेवणाच्या पंक्तीत पैज लावली, की संध्याकाळच्या आत गाडी चालू करून दाखवतो. नवी बॅटरी आणली. मी किल्ली फिरवली. सेल्फने ‘कट्’ एवढाच आवाज काढला. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती. पण शेजारच्यांचा ट्रॅक्टर रिकामा होता, दोर होता, आणि श्रीखंड अंगावर आले होते. गाडी गिअरमध्ये टाकून ओढायला लावली. चाके फरफटली, आतून काहीतरी कडाड्कन मोडले, आणि ट्रॅक्टरवाल्या पोराने स्वतःहून ट्रॅक्टर थांबवला. आमच्यात शहाणा तेवढा तोच.

मिरजेचे मिस्त्री आले ते आठ दिवसांनी. वय शहात्तर, दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. आप्पांच्या वेळेपासून या गाडीवर त्यांचाच हात. सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “दादा, सोळा वर्षं निजलेल्या माणसाला उठवायला तुम्ही लाथ मारलीत?”

मग त्यांनी मला जे शिकवले ते इथे सांगतो, कारण एवढे कळले तरी पाच-पन्नास इंजिने वाचतील. उभ्या गाडीतले तेल हळूहळू खाली उतरते. सिलिंडरची भिंत कोरडी पडते, तिच्यावर गंज चढतो, आणि पिस्टनच्या लोखंडी रिंगा त्या भिंतीला चिकटून बसतात. वॉल्व्ह आपापल्या नळीत आखडतात. पेट्रोल उडून जाते आणि मागे टाकीत व कार्बोरेटरमध्ये लाखेसारखा चिकट थर उरतो. पंपाचा रबरी पडदा पापडासारखा होतो. अशा वेळी जोराने फिरवले की जे अडकलेले असते ते सुटत नाही, मोडते. आमचा एक पुश रॉड वाकला होता आणि तिसऱ्या पिस्टनच्या रिंगेचे दोन तुकडे झाले होते. ते पाप ट्रॅक्टरचे नाही, माझे.

मिस्त्रींनी चारी प्लग काढले, प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण दोन-दोन चमचे सोडले, भोकांवर चिंध्या कोंबल्या आणि ते घरी निघून गेले. मला वाटले, उद्या येतील. ते आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, “रोज संध्याकाळी चमचाभर घाला. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हलकंच इकडं-तिकडं करून बघा. नाही म्हणाली तर नाही. जोर करायचा नाही.” मी रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊ लागलो. पाच दिवस गेले, आठ गेले. घरचे हसू लागले. नवव्या दिवशी बायकोने विचारले, “देवळात तरी एवढ्या नेमाने गेला होता का कधी?” अकराव्या दिवशी पाना गव्हाच्या दाण्याएवढा सरकला. मी तो पुन्हा उलटा केला. तो पुन्हा सरकला. अंधार पडला होता, पण मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

पुढचे काम तीन महिन्यांचे. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे. त्या दोहोंच्या मध्ये पाण्याने आपला वाटा खाल्लेला. हेड उतरवायलाच चार दिवस लागले. खालच्या चेंबरमधून जे निघाले त्याला ऑइल म्हणवत नाही. काकवीसारखी काळी मळी होती. टाकी, नळ्या, कार्बोरेटर सारे धुतले. आजच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पंपाचा पडदा आणि नळ्या नव्या प्रकारच्या रबराच्या घातल्या. हा बदल मी केला, तो लपवीत नाही.

पंपाची नळी ब्लॉकजवळ धरून ठेवणारी एक पट्टी मिळाली. कारखान्याची नव्हे, डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून, कडा वाळूच्या कागदाने घासून केलेली. आतल्या बाजूला पिवळा रंग आणि ताडाच्या झाडाचा अर्धा शेंडा अजून दिसत होता. आप्पांचे काम. या गाडीचा रंग आप्पांच्या हयातीतच तीनदा बदलला होता. टपाला स्पर्श करून आम्ही सोळा वर्षे ज्या ‘आठवणी’ला कुंकू लावले तो रंग बाजारातला होता. त्यांचा हात जिथे होता तिथे आमच्यापैकी कोणी डोकावले नव्हते. त्या शहरातल्या गृहस्थांनी इंजिनाबरोबर ती पट्टीही भंगारात दिली असती, आणि मला कळलेही नसते. ती मी पुन्हा तिथेच बसवली.

धुराचा मुद्दा काढणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. असल्या गाडीने रोज कचेरीला जाणे हा अपराध होईल. त्या नव्या नियमातही रोजच्या वापराला मुभा नाही, आणि ते योग्यच आहे. पण वर्षातून चार वेळा शेडमधून बाहेर येणाऱ्या गाडीच्या धुराने ज्यांचा श्वास कोंडतो, त्यांच्याच घरी दर पाच वर्षांनी नवी मोटार येते. ती घडवायला लागणारे लोखंड काय उदबत्तीवर वितळते?

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मिस्त्रींनी प्लग काढूनच सेल्फ मारला, ऑइलचा तांबडा दिवा विझेपर्यंत. तेल सगळीकडे पोचल्याशिवाय त्यांना ठिणगी नको होती. मग प्लग बसवले, आणि चोक ओढून किल्ली त्यांनी माझ्या हाती दिली. मी म्हणालो, “मागच्या वेळी मीच...” ते म्हणाले, “म्हणूनच.”

तिसऱ्या खेपेला इंजिन खोकले, अडखळले, आणि मग चारी सिलिंडरांनी एकदम बोलू लागले. शेड काळ्या धुराने भरून गेली. पोरे ओरडत होती, मेहुणे नारळ शोधत होते, मिस्त्री डोळे मिटून टॅपेटचा आवाज ऐकत होते. त्या गलबल्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला. तिचे वय चौऱ्याऐंशी. गाडीत बसली तर मागेच बसे, आणि तिला मोटारीतले काही कळते असे आमच्यापैकी कोणालाच कधी वाटले नव्हते.

“अरे, चोक आत ढकल! यांनाही दरवेळी सांगावं लागायचं.”