लावणी आमची, लाज त्यांची

गेल्या चैत्रात आमच्या कामरेजच्या महिला मंडळाचं स्नेहसंमेलन झालं. विषय होता ‘महाराष्ट्राची लोकधारा’. मंडळात निम्म्या आम्ही खानदेशातून इकडे दिलेल्या ओसवाल घरच्या, बाकी राजस्थानी आणि थोड्या काठियावाडी. नवकार मंत्रानं सुरुवात झाली, दोन स्तवनं झाली, आणि मग एकामागून एक सात लावण्या. सुना, लेकी, एक तर आजी झालेली. सगळ्यांच्या अंगावर शिवलेली नऊवारी, नाकात चापाची नथ, पायात चार घुंगरांची पट्टी. परीक्षक मी. खोटं कशाला सांगू, मलाही मजा आली. ज्या सुनेला सासऱ्यांसमोर मोठ्यानं बोलता येत नाही ती तिथे डोळा मारून गेली आणि सासरेबुवांनीच शिटी वाजवली.

बक्षीस देताना मी माईकवर एक सूचना केली. पुढच्या वर्षी ही स्पर्धा घ्यायची तर आधी आठ दिवस संगीत बारीतल्या दोन जुन्या बायकांना बोलवू. जाण्यायेण्याचं भाडं देऊ, चांगली बिदागी देऊ, आणि पाय कसा टाकायचा, अदा म्हणजे काय, ते त्यांच्याकडून शिकू. टाळ्या वाजल्या नाहीत. खाली उतरल्यावर मंडळातल्या एका जाणत्या बाईंनी मला खांबाआड नेलं. “भाभी, कला वेगळी आणि असल्या बायका वेगळ्या. वाडीत आपली घरची माणसं असतात.”

असल्या बायका! ज्यांच्याकडून तुम्ही हे घेतलं, त्या असल्या. तुम्ही घेतलंत, म्हणून तुम्ही कलावंत.

घरी येऊन मी फणफणत होते तर नातू हसायला लागला. तो इंजिनिअरिंगला आहे, दिवसभर कानात ती यंत्रं घालून रॅप ऐकतो. म्हणाला, “दादी, अमेरिकेत पन्नास वर्षं हेच चाललंय.” मग त्यानं मला तासभर बसवून सांगितलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, काळ्या आणि गरीब लोकांच्या वस्तीत, ११ ऑगस्ट १९७३ ला एका मुलीनं इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. का, तर शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. सिंडी कॅम्पबेल तिचं नाव. तिकीट पोरींना पंचवीस सेंट, पोरांना पन्नास. तबकड्या वाजवल्या तिच्या भावानं, कूल हर्कनं. हिप-हॉप तिथून सुरू झालं असं मानतात. आता ते सगळ्या जगात विकलं जातं आणि मोठ्या संगीत कंपन्या उरल्या आहेत तीन, युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर. यातली एकही काळ्यांच्या मालकीची नाही. जे-झीसारखे काही कोट्यधीश झाले हे खरं, पण ज्या वस्तीतून गाणं निघालं तिला काय मिळालं?

मला पैशापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली. कोणतं गाणं बाजारात न्यायचं हे मालक ठरवतो. आणि त्याला बंदूक, चरस-गर्द आणि उघड्या बाया जास्त खपतात असं दिसलं की तेच पुढे ढकललं जातं. ऐकणारी गोरी मुलं सुरक्षित घरात बसून ऐकतात, आणि रस्त्यावर पोलीस पकडतो तो काळा मुलगा, कारण ‘हे लोक असेच’ हे आता गाण्यातूनच सिद्ध झालेलं. तिकडच्या कोर्टांत रॅपचे शब्द गाणाऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून ठेवले जातात. कॅलिफोर्नियाला २०२२ साली त्याला आवर घालणारा कायदा करावा लागला. म्हणजे गाणं विकून आलेला नफा एका घरी आणि त्या गाण्याची शिक्षा दुसऱ्या घरी.

आता आपल्याकडे या.

लावणी कोणाच्या पायांवर उभी राहिली? कोल्हाटी, महार, मांग, डोंबारी. नारायणगावच्या ज्या फडात विठाबाई वाढली त्याचं नावच भाऊ-बापू मांग नारायणगावकर. जात पाटीवर लिहिलेली, लपवायची सोय नाही. फडात गाणारे, नाचणारे, ढोलकीवाले, सोंगाडे या वस्त्यांतले. आणि दौलतजादा करणारे? पाटील, इनामदार, सावकार, व्यापारी. यांच्या पैशावर त्या जगल्या असं आपण म्हणतो. त्यांच्या नाचण्यावर कोण कोण जगलं हे कधी मांडत नाही.

पठ्ठे बापूरावांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मूळ श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. त्यांच्या लावण्या ज्या पवळाबाईच्या गळ्यातून आणि पायातून लोकांपर्यंत गेल्या ती हिवरगावची, महाराघरची. बापूरावांवर सिनेमा निघाला. पवळा किती जणींना ठाऊक आहे? बापूरावांनी जात गमावली, १९४५ साली हालात गेले, त्यांना मी खलनायक करणार नाही. पण एक प्रसंग अभ्यासकांनी नोंदवला आहे. बापूरावांनी महाडच्या चळवळीसाठी खेळाचं उत्पन्न बाबासाहेबांना देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं. आमच्या बायकांना नाचवून आलेला पैसा आम्हाला नको, असा त्याचा अर्थ. मला पूर्वी वाटायचं, केवढा हट्ट! चळवळीला पैसा लागतोच की. आता वाटतं, तिथे प्रश्न रकमेचा नव्हता. बाई नाचवायची, तिच्या जातीला ‘नाचणारी जात’ म्हणून शिक्का मारायचा आणि त्यातलाच तुकडा त्या जातीला दान म्हणून परत द्यायचा, हा व्यवहार त्यांना मान्य नव्हता.

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८च्या सुमारास, मुंबई सरकारनं तमाशावर अश्लील म्हणून बंदी घातली. नंतर संहिता तपासून, छाटून परवानगी. पोट कोणाचं मारलं? फडाचं. त्याच काळात सिनेमानं लावणी उचलली आणि घराघरात नेली. १९७२ सालचा ‘पिंजरा’ आपण सगळ्यांनी पाहिलाय. संध्याबाईंचं नृत्य, उषा मंगेशकरांचा गळा, शांतारामबापूंचं दिग्दर्शन, काही म्हणून उणं नाही. पण गोष्ट काय सांगते? एक सज्जन मास्तर तमाशातल्या बाईपायी रसातळाला जातो. तिचीच कला घ्यायची, तिच्याच रंगात पडदा रंगवायचा आणि वर गावाला सांगायचं की हिच्यापासून जपा. सुलोचनाबाई चव्हाण डोक्यावरचा पदर ढळू न देता लावणी गायल्या याचं आपण किती कौतुक करतो. त्यांचा आवाज होताच तसा. पण त्या कौतुकात न बोललेलं काय असतं, तर पदर असलेली ती आपली.

विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला, १९५७ ला आणि पुन्हा १९९० ला. पोटुशी असताना बोर्डावर उभी राहिली, मध्येच पडद्यामागे बाळंत झाली आणि परत नाचायला आली, ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. बायांनो, आपल्या सुनेची असती तर अभिमानानं सांगितली असती का? २००२ साली ती गेली तेव्हा औषधपाण्यालाही लोकांकडून पैसे गोळा करायची पाळी आली होती. नंतर तिच्या नावानं सरकारी पुरस्कार सुरू झाला.

आणि त्या वस्तीचं काय झालं, ते किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये लिहून ठेवलं आहे. १९९४ चं पुस्तक. बापाच्या नावाच्या जागी आईचं नाव, कारण बापानं नाव दिलं नाही. बाप कोण असतात या पोरांचे? आपल्यासारख्या घरातलेच कोणी. हे पुस्तक मंडळाच्या कपाटात मी दोनदा ठेवलं, दोन्ही वेळा ते नाहीसं झालं.

माझ्या माहेरचंही सांगते, नाहीतर म्हणाल ही दुसऱ्यांवरच घसरते. माहेर शहाद्याजवळचं. दत्तजयंतीला सारंगखेड्याची जत्रा, घोड्यांचा बाजार आणि रात्री कनातीत तमाशा. आम्हा मुलींना तिकडे जायची बंदी, ढोलकी मात्र रात्रभर ऐकू यायची. बाउजींचा कापसाचा व्यापार होता आणि जोडीला सावकारी. फडाचा हंगाम दसऱ्यापासून वैशाखापर्यंत. पावसाळ्यात हातात काही नसतं, तेव्हा फडवाले उचल मागायला यायचे. बाउजी व्याजानं द्यायचे, तारण ठेवून. सोनं फडमालकाचं नसायचं, बायांचं असायचं. एका वर्षी पाऊस लांबला, जत्रेत खेळ पडले आणि एक पुतळ्यांची माळ सुटलीच नाही. ती आमच्या बाईनं, म्हणजे आईनं, माझ्या लग्नात माझ्या गळ्यात घातली. स्नेहसंमेलनात परीक्षकाच्या खुर्चीवर बसताना नऊवारीवर शोभते म्हणून मी तीच घातली होती. हे मला खांबाआडचं बोलणं ऐकून घरी आल्यावर, माळ काढताना लक्षात आलं.

धंद्याचंही तेच. शिवलेली नऊवारी कुठे तयार होते? इथेच. लूमवरचं ग्रे कापड मिलमध्ये रंगतं, छापलं जातं, आणि पुढे कापणी, शिलाई, लेस. गणपती आणि शाळांची गॅदरिंगं आली की आमच्या दुकानातून गठ्ठेच्या गठ्ठे पुण्या-नाशिकला जातात. खोक्यावर मुलानं छापलंय, ‘लावणी स्पेशल’. चित्रातली पोरगी गोरीपान, मॉडेल. ते नाव वापरल्याबद्दल आम्ही कोणाला काय देतो? काही नाही. कायद्यानं द्यावंही लागत नाही. गाणं लिहिणाऱ्याचा हक्क कायदा ओळखतो, मुद्रण करणाऱ्या कंपनीचा ओळखतो, हल्ली गाणाऱ्याचाही थोडा ओळखतो. पण चार पिढ्यांनी पायात मुरवलेली अदा कोणाच्या नावावर नोंदवायची? ती बेवारस धरली जाते आणि ज्याच्याकडे दुकान, स्टुडिओ, चॅनल आहे तो उचलतो.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं, कला सगळ्यांची असते. बरं, असू दे सगळ्यांची. मग बदनामीही सगळ्यांत वाटून घ्या. २०२३ साली गौतमी पाटील या आपल्याच खानदेशातल्या मुलीला काही पुढारी जाहीरपणे म्हणाले, नाचायचं तर पाटील आडनाव लावू नकोस. तिचे नाच मला आवडत नाहीत, डीजेवरच्या त्या प्रकाराला मी लावणी म्हणणार नाही. पण पाहायला येणाऱ्या हजारो पुरुषांना कोणी म्हणालं का की पाहायचं तर आडनाव घरी ठेवून या? आडनाव काढून घ्यायचं ते नाचणारीचं. आपल्या संमेलनात सातही जणी पूर्ण नावानिशी, सासऱ्यांच्या नावासकट पुकारल्या गेल्या.

दुसरं उत्तर आपल्या धर्माचं येतं, आपण कोणाला दुखवत नाही. पर्युषणात बारा व्रतं ऐकतो, तिसरं अदत्तादान. न दिलेलं घेऊ नये. त्याचे अतिचार साध्वीजी दर वर्षी समजावतात. चोरीचा माल विकत घेणं हा एक, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे असलीच्या जागी नक्कल खपवणं, हा आणखी एक. आपण ते ऐकताना तुपातल्या डालड्याचा विचार करतो. मी म्हणते, संगीत बारीतली बाई दारात नको आणि तिची नक्कल स्टेजवर हवी, हा प्रतिरूपक व्यवहार नाही तर काय आहे? एका बाईंनी मला विचारलं, मग नाचायचंच नाही का आम्ही? नाचा की! मी कुठे बंदी घालते. बंदी घालून काय होतं ते १९४८ ला पाहिलं. नाचा, पण शिकवणारीला गुरू म्हणा, तिला जेवणाच्या पंगतीत बसवा, बिदागी सगळ्यांसमोर हातात द्या, आणि कोणी म्हणालं ‘असल्या बायका’ तर तिथल्या तिथे तोंड उघडा. शिक्षणासाठी आपण दर वर्षी निधी काढतो, आपल्याच समाजातल्या मुलांना देतो. त्यातून फडातल्या दोन मुलींचं वसतिगृह भागलं तर आपला समाज काही भिकेला लागणार नाही.

हे सगळं मी मंडळाला पत्रानं कळवलं. दोन महिने झाले, उत्तर नाही. पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून येणार नाही हेही त्यात लिहिलं आहे, त्यावर मात्र लगेच फोन आला, की दुसरी कोणी सुचवा. मुलाशी खोक्यावरच्या नावावरून वाद चालू आहे. तो म्हणतो, आई, नाव काढलं तर माल पडून राहील. पुतळ्यांची माळ मी कपाटातून काढून ठेवली आहे. ज्या फडाची ती होती त्याचं नाव बाउजींच्या वहीत असणार, आणि वह्या शहाद्याला भावाकडे माळ्यावर आहेत. दिवाळीला जाईन तेव्हा उतरवून बघते.