हायड्रोजन कोठे वापरावा?

२१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात, देशातच विकसित झालेल्या हायड्रोजन बसचे उद्घाटन झाले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद व केपीआयटी यांनी ती सिद्ध केली. तिच्यातून धूर नव्हे, पाणी बाहेर पडते. या यशाचा अभिमान बाळगूनही मला वाटते की, शहरातील बस ही हायड्रोजनची खरी जागा नव्हे.

हायड्रोजन हा ऊर्जेचा स्रोत नसून वाहक आहे. विद्युत अपघटनाने पाण्यातून एक किलो हायड्रोजन मिळविण्यास सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. फ्युएल सेलमधून त्यातील जेमतेम सतरा युनिट परत मिळतात. तीच वीज बॅटरीत साठविली, तर बहुतांश चाकापर्यंत पोहोचते. रोज रात्री आगारात परतणाऱ्या बसला बॅटरी पुरते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून अशा बस धावतही आहेत.

पोलादाच्या भट्टीचे तसे नाही. लोहखनिजातील ऑक्सिजन काढण्याचे जे काम आज मुख्यतः कोळसा करतो, ते हायड्रोजन करू शकतो, बॅटरी नाही. खतासाठी लागणारा अमोनिया तर हायड्रोजनवाचून बनतच नाही, आणि तो हायड्रोजन आपण अद्याप नैसर्गिक वायूपासूनच काढतो. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे १९,७४४ कोटी रुपये प्रथम तिकडे वळावेत.

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली कितीतरी मुले आज राजगुरुनगरहून चाकणला जाऊन इंजिनांचे सुटे भाग घडवितात. हायड्रोजनची वाट पाहण्यात त्यांची वर्षे जाऊ नयेत. विद्युत मोटार आणि बॅटरी यांचे प्रशिक्षण त्यांना आताच, नोकरी टिकून असतानाच, मिळावयास हवे.