केवळ गिगाबाइट मोजणारी खरेदी
गुजरातेतील साणंदच्या मेमरी-चिप प्रकल्पाची बातमी आली की स्वयंपूर्णतेची भाषणे रंगतात. प्रयोगशाळेतील डेस्कटॉपची रॅम मात्र केवळ गिगाबाइट पाहून मागवली जाते. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींना २८८ पिना. पण खाच वेगळ्या जागी, विद्युतदाब अनुक्रमे १.२ व १.१ व्होल्ट. एकाच्या जागी दुसरे बसतच नाही.

त्याहून घातक गैरसमज म्हणजे ‘डीडीआर५मध्ये ईसीसी असतेच’. ती दुरुस्ती चिपच्या आतली; प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर घडलेली चूक तिला दिसत नाही. पूर्ण ईसीसीला मॉड्यूल, मदरबोर्ड आणि प्रोसेसर या तिघांचीही साथ लागते. आठवडाभराच्या गणनेत एक बिट उलटला, तरी संगणक निमूटपणे चुकीचे उत्तर देऊ शकतो. निविदेत ‘ईसीसी’ एवढा एक शब्द न लिहिण्याचा आळस विज्ञानाला परवडणारा नाही.