कार्टूनच तर आहे!

"कार्टूनच तर आहे, बघू दे की!" हे वाक्य माझंच. २०२५ च्या दिवाळीत मावशीच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हातात गरम चकली धरून मी ते म्हटलं, आणि अर्ध्या तासात ते मला चांगलंच महागात पडलं. त्यावरच आज लिहायचं आहे.

झालं असं. मावशी चकल्या तळत होती. तिचा मुलगा म्हणजे आमचा छोटू, इयत्ता पाचवी. शाळेला सुट्टी, त्यामुळे घरभर नुसता धुमाकूळ. मावशी म्हणाली, "अगं, तू ती जपानी कार्टून्स बघतेस ना? त्यातलं एखादं चांगलंसं याला लावून दे. एवढा घाणा उतरेपर्यंत तरी गप्प बसेल." आता हॉस्टेलमध्ये माझी ख्यातीच 'ॲनिमेवाली' अशी असल्यामुळे मला फारच मोठं झाल्यासारखं वाटलं. मोबाईल घेतला, नवीन काय आलंय ते चाळलं आणि 'ताकोपीज ओरिजिनल सिन' वर बोट थांबलं. चित्रात ऑक्टोपससारखा एक गुलाबी, गोंडस प्राणी. परग्रहावरून आलेला, सगळ्यांना आनंदी करायला निघालेला, जवळ जादूच्या वस्तू. आणि तो ज्या मुलीला भेटतो तिचं नाव शिझुका! छोटू टुणकन उडाला, "ताई, हे तर डोरेमॉनच!" मलाही तसंच वाटलं. मी स्वतः ती मालिका पाहिलेली नव्हती, सबमिशनच्या गडबडीत राहूनच गेली होती. कितव्या वर्षापासून बघायची तो आकडा वाचायचे कष्टही मी घेतले नाहीत. छोटू इंग्लिश सबटायटल्स आता भराभर वाचतो. दिला मोबाईल त्याच्या हातात!

ज्यांनी ही मालिका पाहिली आहे त्यांनी एव्हाना कपाळावर हात मारून घेतला असेल. बाकीच्यांसाठी सांगते. शिझुका चौथीतली मुलगी. शाळेत तिचा रोज छळ होतो, घरी लक्ष द्यायला कोणी नाही. आणि पहिल्याच भागात ती आत्महत्या करते. दुःख म्हणजे काय हेच माहीत नसलेला तो गोड ताकोपी शेजारी असूनसुद्धा!

मी बाहेर गप्पा मारत होते. थोड्या वेळाने छोटू आला आणि एक अक्षर न बोलता मावशीला चिकटून उभा राहिला. तेल तापलेलं, म्हणून ती त्याच्यावर ओरडलीसुद्धा. तरी हलला नाही. रात्री अंथरुणात त्याने मला हळूच विचारलं, "ताई, तिला कोणी विचारलं का नाही, काय झालं म्हणून?" मग मला उठून बसावं लागलं. आम्ही बराच वेळ बोललो. त्याच्या वर्गातल्या एका मुलाला सगळे चिडवतात हे तेव्हा कळलं. मावशीने मात्र मला एकच प्रश्न विचारला, "तू आधी बघितलं होतंस ना गं?" व्हायवाला एक्स्टर्नलसमोर बसतो ना आपण, तशी मी गप्प!

परत आल्यावर सहाही भाग मी पाहिले. आणि खरं सांगते, मालिका वाईट नाही. जून २०२५ मध्ये आलेल्या मालिकांत ती मला सगळ्यात प्रामाणिक वाटली. मुलं एकमेकांशी इतकी क्रूर का वागतात, त्यामागे घरातली मोठी माणसं कशी असतात, हे ती न घाबरता दाखवते. ती माझ्या वयाच्या माणसाने जरूर बघावी. दहा वर्षांच्या मुलाने चकल्या होईपर्यंत एकट्याने बघावी अशी मात्र ती नाही. चूक मालिकेची नव्हती, चूक माझीच होती.

मग मी विचार करायला लागले की ही चूक होते कुठे? पहिलं म्हणजे चित्र हलताना दिसलं की आपण ते लहान मुलांचं धरून चालतो. जपानमध्ये असं कोणी धरत नाही. एप्रिल १९८८ मध्ये जिब्ली स्टुडिओचे दोन चित्रपट एकाच वेळी, एकाच खेळात जोडून लागले होते. एक मियाझाकींचा 'माय नेबर तोतोरो', दोन बहिणी आणि जंगलातला एक केसाळ देव. दुसरा ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', महायुद्धाच्या शेवटी उपासमारीत संपत जाणारे भाऊ-बहीण. स्टुडिओ तोच, दोन्हीत लहान मुलंच. पण पहिला पाच वर्षांच्या मुलाला बिनधास्त दाखवा, आणि दुसरा मी विशीत पाहूनही दोन दिवस मेसमध्ये नीट जेवले नाही!

आपला लाडका शिनचॅनच घ्या ना. आपण सगळे दूध-बिस्किटं खात त्याला बघत मोठे झालो. पण १९९० मध्ये त्याची चित्रकथा सुरू झाली ती मोठ्या माणसांच्या 'मांगा ॲक्शन' या साप्ताहिकात. ते विनोद मुळात ऑफिसातून दमून घरी जाणाऱ्या काकांसाठी होते! आपल्याकडे तो थेट मुलांच्या चॅनलवर आला, पालकांनी आरडाओरडा केला, २००८ मध्ये त्याचं प्रसारण बंद झालं आणि नंतर काटछाट होऊन तो परत आला.

दुसरा घोळ 'शोनेन' या शब्दाचा. शोनेन म्हणजे मुलगा. त्यामुळे आपल्याकडच्या फॅन्सचा ठाम समज असतो की शोनेन म्हणजे मुलांना चालणारं आणि 'सेइनेन' म्हणजे मोठ्यांचं. प्रत्यक्षात ही मासिकांची आणि साप्ताहिकांची नावनिशी आहे. ती कथा कोणत्या गिऱ्हाइकाला विकायची एवढंच त्यातून कळतं. वयाचा दाखला म्हणून ते चालत नाही. ताकोपी आली ती 'शोनेन जंप प्लस' मध्ये. उलट स्केटिंग शिकणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलीची 'मेडलिस्ट' ही गोष्ट येते 'आफ्टरनून' या सेइनेन मासिकात, आणि ती आपण घरातल्या कुठल्याही मुलीला दाखवू शकतो. लेबलवर गेलात तर बरोब्बर उलटं कराल!

तिसरी गोष्ट वेळेची. जपानमध्ये कित्येक मालिका टीव्हीवर रात्री उशिरा लागतात. 'डिमन स्लेयर' २०१९ मध्ये तशीच लागायची. घरातली लहान मुलं तेव्हा झोपलेली असणार हे त्यात गृहीत असतं. आपल्याकडे तीच मालिका मोबाईलवर सकाळी नाश्त्याला, पोहे खाताखाता बघता येते! घड्याळाची ती चाळणीच निघून गेली.

"मग सर्टिफिकेट कशाला असतं?" असं कोणीतरी विचारेलच. असतं, आणि ते वाचलंही पाहिजे. २०२१ च्या आयटी नियमांनुसार आपल्याकडे ऑनलाइन मालिकांना यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए अशा वर्गवाऱ्या आहेत, आणि १३+ पासून पुढे पालकांना लॉकची सोय देणं बंधनकारक आहे. सिनेमासाठीही आता यूएचे असेच तीन भाग झालेत. पण सर्टिफिकेट म्हणजे काही भौतिकशास्त्राचा नियम नव्हे, की पृथ्वीवर कुठेही मोजा, उत्तर तेच! २०२५ चा 'डिमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' बघा. जपानमध्ये त्याला पीजी-१२ मिळालं, म्हणजे बाराच्या आतल्या मुलांना मोठ्यांनी सांभाळून दाखवावा. अमेरिकेत त्याच चित्रपटाला आर मिळालं, म्हणजे सतराच्या आतल्यांनी मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच यावं. चित्रपट तोच, रक्त तेवढंच! त्यामुळे आकडा बघायचा, पण सगळं त्याच्यावर सोडून द्यायचं नाही.

आमच्या विंगमध्ये यावर जोरदार वादावादी झाली. एक पक्ष म्हणाला, "आपण आठवीत काय काय बघितलंय! काय बिघडलं आपलं?" आता ज्या मैत्रिणीने हे म्हटलं ती अजूनही रात्री पाण्याची बाटली भरायला कॉरिडॉरमध्ये एकटी जात नाही, पण ते जाऊ दे. खरा मुद्दा असा, की आपलं काही बिघडलं नसेल तर बहुतेक वेळा बरोबर कोणीतरी होतं. दादा होता, मैत्रिणी होत्या, 'अगं ते खोटं असतं' म्हणणारं कोणीतरी होतं. छोटूबरोबर त्या दिवशी कोणीच नव्हतं.

दुसरा पक्ष मोठ्या माणसांचा. स्टाफपैकी एकांनी सरळ निकाल दिला, "ही सगळी जपानी थेरं बंद करा." सर, रागावू नका, पण ज्यांनी एकही भाग पाहिलेला नाही त्यांनी बंदी घालणं आणि मी न बघता मोबाईल देणं, या दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत. दोन्हीत बघायचा कंटाळा! आणि 'जपानी' म्हणाल तर रामायणावरचा तो सुंदर ॲनिमेशनपट जपानच्या युगो साको यांनी आपल्या राम मोहन यांच्याबरोबर केला होता. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्या थिएटरांत पुन्हा लागला तेव्हा लोक मुलाबाळांसकट गेलेच ना?

माझ्या कॉन्व्हेंटच्या शाळेत लायब्ररी सांभाळणाऱ्या एक सिस्टर होत्या. पुस्तक मागितलं की त्या आधी आपल्याकडे बघायच्या, मग पुस्तकाकडे. कधी 'पुढच्या वर्षी' म्हणायच्या, कधी 'हे घे, पण वाचून झालं की मला येऊन सांग' म्हणायच्या. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, त्यांनी ती पुस्तकं आधी वाचलेली असायची, म्हणूनच त्यांना तसं म्हणता यायचं. मावशी मला नेमकं हेच विचारत होती.

तर प्रायश्चित्त म्हणून मी स्वतः पाहिलेल्या काही मालिकांबद्दल माझं मत देते. वयं माझ्या अंदाजाची आहेत, भांडायला या!

मेडलिस्ट (२०२५) : "आता सुरू करायला उशीर झाला" असं ऐकवल्या गेलेल्या इनोरीची गोष्ट. तिचा कोच स्वतःही उशिरा सुरू करून मागे पडलेला. नऊ-दहा वर्षांपासून जरूर दाखवा. रडू येईल, पण चांगल्या कारणाने. बॅकलॉगवाल्यांनीही बघावी!

फ्रीरेन (२०२३) : राक्षसराजाला मारून झाल्यावर गोष्ट सुरू होते. हजार वर्षांहून जास्त जगलेली जादूगारीण आणि म्हातारा होऊन गेलेला तिचा मित्र. मृत्यू आहे, पण हळुवार. लढायांमध्ये थोडं रक्त. दहा-अकरापासून, शेजारी बसून.

स्पाय एक्स फॅमिली (२०२२) : बाप हेर, आई मारेकरी, आणि दोघांच्या मनातलं ऐकू येणारी छोटी आन्या. धमाल! पण आईचा धंदा खून करण्याचाच आहे आणि तो दिसतो. साधारण बारापासून.

अपोथेकरी डायरीज (२०२३) : राजवाड्यातली औषधं, विषं आणि हुशार माओमाओ. मारामारी फारशी नाही, पण जनानखाना, कुंटणखाना हे विषय आहेत. नायिकेचा गोड चेहरा बघून फसू नका. तेरा-चौदाच्या पुढे.

डिमन स्लेयर (२०१९) : पहिल्याच भागात नायकाचं जवळजवळ अख्खं कुटुंब मारलं जातं. भावा-बहिणीची माया खरी, तलवारीने तुटणारी मुंडकीही तेवढीच खरी. तेराच्या आत नको. शाळेच्या दप्तरावर चित्र आहे म्हणजे मालिका शाळेतल्या मुलांची असं नसतं.

डॅनडॅडॅन (२०२४) : आमच्या विंगची फेव्हरिट. पण पहिल्याच भागात नायिकेवर परग्रहवासी जी जबरदस्ती करू बघतात ते मलाही खटकलं. सोळाच्या आत अजिबात नको.

शेवटी एक सूचना. आपल्या कॉमन रूममध्ये संध्याकाळी टीव्ही लागतो तेव्हा मेसच्या मावशींची आणि रेक्टर मॅडमची मुलंही येऊन बसतात. आपण काहीही लावतो, ती काहीही बघतात. कॉमन रूमच्या दारावर एक कागद लावूया. ज्याने मालिका पूर्ण पाहिली असेल त्याने नाव, भाग कितवा सांभाळायचा आणि कितव्या वर्षापासून चालेल, एवढं लिहून खाली सही करायची. सही महत्त्वाची, म्हणजे उद्या कुणाच्या आईने विचारलं तर उत्तर द्यायला माणूस असेल. पहिली सही माझी.

छोटूचा परवा फोन आला होता. मेडलिस्ट बघून झाली म्हणाला. त्या चिडवल्या जाणाऱ्या मुलाच्या शेजारी आता तो डबा खायला बसतो, हेही सांगितलं. मग म्हणाला, "ताई, ते ताकोपी मी मोठा झालो की पूर्ण बघीन. पण तू पण बस हं शेजारी." बसेन रे बाबा, नक्की बसेन!