व्हॉल्व्ह बंद होता की, डॉक्टर!

वाफेने भाजलेल्या कामगाराला 'कसे झाले?' म्हणून विचारले, की पुष्कळदा हेच उत्तर मिळते. आणि ते खोटे नसते. व्हॉल्व्हचे चाक त्याने खरोखरच शेवटपर्यंत फिरवलेले असते. सोबत आलेला सुपरवायझर मात्र 'याचाच निष्काळजीपणा' म्हणून मोकळा होतो आणि कागदावरही तेच चढते. मला हे पटत नाही, म्हणून आजचा लेख. तुमच्या घरातले कोणी एमआयडीसीत, डेअरीत, साखर कारखान्यात, डाईंगमध्ये किंवा बर्फाच्या कारखान्यात कामाला असेल, तर हा विषय तुमचाच आहे.

व्हॉल्व्ह बंद असणे आणि पाइप रिकामा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातला जुना नळ कितीही आवळला तरी ठिबकतो ना? तसेच कारखान्यातही होते. आतली बैठक झिजते किंवा तिच्यावर कचरा अडकतो आणि चाक पूर्ण आवळूनही थोडी वाफ पुढे जात राहते. फिटर लोक याला 'व्हॉल्व्ह पास होतोय' म्हणतात. शिवाय दोन बंद व्हॉल्व्हच्या मधल्या पाइपात दाब कोंडलेला असू शकतो. बाहेरून काही दिसत नाही. बोल्ट सैल केला, की ते सगळे तोंडावर आणि हातांवर येते.

वाफ पाण्यापेक्षा इतकी वाईट का भाजते, हे समजून घ्या. उकळते पाणी अंगावर पडले, तर त्यातला 1 ग्रॅम भाग 100 अंशांवरून शरीराच्या तापमानापर्यंत उतरताना सुमारे 63 कॅलरी उष्णता देतो. 1 ग्रॅम वाफ त्वचेवर पडली, की तिचे आधी पाणी होते आणि त्यातच सुमारे 540 कॅलरी बाहेर पडतात. वरच्या 63 निराळ्याच. त्यात बॉयलरची वाफ 100 अंशांची नसते. 7 किलो दाबाला ती 170 अंशांच्या आसपास असते. एखादा श्वास आत गेला तर घसा आतून सुजतो, म्हणून चेहरा भाजलेल्या माणसाचा आवाज बसला तर आम्ही लगेच धास्तावतो.

मग सुरक्षित काम कसे असते? दाबाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून त्यांना कुलूप लावायचे, वर 'काम चालू आहे' अशी नावासह पाटी अडकवायची. मधला पाइप ड्रेनमधून रिकामा करायचा, गेजवर दाब शून्य दिसतो का ते पाहायचे आणि तरीही गेजवर पूर्ण भरवसा ठेवायचा नाही. धोकादायक लाइन असेल तर फ्लँजमध्ये बंद पत्रा, म्हणजे ब्लाइंड, टाकायचा. बोल्ट सैल करताना आपल्यापासून लांबचे आधी, आणि एकही पूर्ण काढायचा नाही. उरलासुरला दाब असलाच तर तो पलीकडे निघून जातो.

यात माझा आग्रह कुलपाचा आहे. कुलूप ज्याचे त्याचे हवे आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात हवी. सुपरवायझरच्या टेबलावर नको. चार जण काम करत असतील तर चार कुलपे. एका कुलपाची किंमत ती काय! एका दिवसाच्या ड्रेसिंगला त्याहून जास्त लागतात. तरी ठेकेदाराच्या हेल्परला ते दिले जात नाही, कारण तो आज इथे, उद्या तिथे.

पाटी आणि निरोप यांचे महत्त्व पाहायचे असेल, तर 6 जुलै 1988 ची पायपर अल्फाची घटना पाहा. स्कॉटलंडजवळ उत्तर समुद्रातल्या या तेल-वायू फलाटावर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. त्या जागी झाकणी बसवली होती, पण ती पक्की आवळलेली नव्हती. व्हॉल्व्ह काढल्याचा निरोप रात्रपाळीपर्यंत पोहोचला नाही. दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हा पंप सुरू करायला घेतला. वायू गळून स्फोट झाला आणि 167 माणसे गेली. यात कुणा एकाचा निष्काळजीपणा शोधून काय मिळणार?

नवा व्हॉल्व्ह बसवतानाचे दुखणे वेगळे असते. 6 इंची ओतीव पोलादी गेट व्हॉल्व्ह एका प्रौढ माणसाएवढा भरतो. तो दोघांनी चाकाला धरून उचलला, की पाठ तरी जाते नाहीतर बोट चेंगरते. पट्टा व्हॉल्व्हच्या अंगाला बांधून चेनपुलीनेच उचलायला हवा. अंगावर बाण असेल तर तो प्रवाहाच्या दिशेने ठेवायचा आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळत न्यायचे. वाफेचा व्हॉल्व्ह पुन्हा उघडताना घाई करायची नाही. पाइपात साचलेले पाणी वाफेच्या रेट्याने हातोड्यासारखे आदळते आणि व्हॉल्व्ह फुटू शकतो.

(ज्यांच्या घरी ऑक्सिजनचा सिलिंडर आहे त्यांच्यासाठी: त्याचा व्हॉल्व्हही सावकाशच उघडा आणि तो घट्ट आहे म्हणून तेल-ग्रीस लावू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेते.)

तुम्ही घरचे काय करू शकता? विचारू शकता. 'तुझे कुलूप तुझ्याकडे असते का? लाइन रिकामी झाल्याचे कोण बघतो?' भोपाळनंतर, 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन, कामातल्या आरोग्याच्या आणि सुरक्षिततेच्या धोक्यांची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. तेव्हा हे विचारणे म्हणजे आगाऊपणा नव्हे.

आणि अपघात झालाच तर: भाजलेल्या जागेवर नळाचे वाहते पाणी 20 मिनिटे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही नको. अंगठी, कडे, घड्याळ सूज यायच्या आत काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. अमोनिया डोळ्यांत गेला तर रिक्षा शोधण्याआधी डोळे धुवायला लागा, पापण्या उघड्या धरून, निदान 20 मिनिटे. तो श्वासातून गेला असेल तर माणूस बरा दिसला तरी दवाखान्यात आणा, कारण फुप्फुसात पाणी काही तासांनीही भरू शकते.

शेवटची जखम सगळ्यांत फसवी. दाबाच्या लाइनमधून किंवा ग्रीसगनमधून तेलाची बारीक धार बोटात घुसते. वर फक्त सुई टोचल्यासारखी खूण, दुखणेही आधी कमीच. माणूस पट्टी लावून पाळी पूर्ण करतो, आणि आत तेल बोटभर पसरत जाते. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जाऊ शकते. अशा वेळी हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठा आणि केसपेपर निघतानाच सांगा, 'प्रेशरचे तेल आत गेले आहे.'