आधी इंजिन, मग गृहपाठ

पालकहो आणि शिक्षक मित्रांनो, घरी जुन्या गाडीचं इंजिन खोलत असाल तर "हात काळे होतील, अभ्यासाला बस" म्हणून मुलांना हाकलू नका. मी स्वतः तसं हाकललंय, म्हणून सांगते.

दादाने सुट्टीत अंगणात बाबांची प्रीमियर पद्मिनी काढली. चार सिलिंडर, १०८९ सीसी. पाचवीतल्या भाच्याला भागाकाराचा कंटाळा, पण "मग एका सिलिंडरला किती?" म्हणत त्याने खोक्यावरच भागलं. २७२, बाकी १!

खोलणं सोपं हो, खरी कसोटी जुळवताना. प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्याच जागी जायला हवा, म्हणून त्याने पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून क्रमांक घातले. हेडचे नट मधून बाहेर, थोडे थोडे आवळायचे, नाहीतर गॅस्केट गळतं. हे सगळं त्याला आता पाठ आहे. तरी कनेक्टिंग रॉडच्या दोन कॅप त्याच्या हातून अदलाबदल झाल्या आणि क्रँक फिरेना. दादा रागावला नाही. "खोल, बघ कुठे चुकलं," एवढंच म्हणाला. आपण वर्गात काय करतो? लाल फुली मारतो नि पुढचा धडा घेतो. पुन्हा खोलून बघायला वेळच देत नाही.

पेट्रोल, जॅक, इंजिन उचलणं ही कामं मोठ्यांचीच. पण नंबर घालणं, भाग पुसणं, फिलर गेजने टॅपेटचं अंतर बघणं मुलांना जमतं.

त्याचा सुट्टीतला गृहपाठ अर्धा राहिला. त्याच्या बाईंना चिठ्ठी मीच लिहिली.